निरोपाची चार पानं

बाकीच्या जगात माणसं घर सोडून जातात. चिलोए बेटावर घर माणसांना सोडून जातं. जागा बदलायची झाली की आमच्याकडे कुणी विटा-सिमेंटच्या भानगडीत पडत नाही. घर लाकडाचं, बिऱ्हाडही लाकडाचं असल्यासारखंच. घराखाली दोन लांब ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे, किनाऱ्यापर्यंत ओढत न्यायचं, भरतीची वेळ साधून चारी बाजूंनी रिकामी पिंपं बांधायची आणि लाँचेच्या मागे लावून पलीकडच्या बेटावर पोचवायचं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. रोसेंदो मान्सियाला मात्र वाटलं, आणि तिथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

रोसेंदो नगरपालिकेच्या कचेरीत खिडकी क्रमांक दोनवर अडतीस वर्षं बसला. जन्म, मृत्यू आणि जमिनीचे दाखले. गाव त्याला भाऊसाहेब म्हणायचं, काही प्रेमाने आणि बरंचसं दाखला हवा असायचा म्हणून. अर्जातलं एखादं अक्षर चौकटीबाहेर गेलं की भाऊसाहेब तो अर्ज दोन बोटांनी, उंदीर उचलावा तसा उचलून परत करायचे. "चौकटीबाहेर चालत नाही." बस्स, एवढंच. आवाज चढवणं नाही, डोळे वर करणं नाही. निवृत्त झाल्यावर बायको क्लोरिंदाचे गुडघे बोलू लागले, मुलीने कास्त्रो शहरात स्वतःच्या शेजारी लिफ्ट असलेला फ्लॅट बघून ठेवला, आणि एक्केचाळीस वर्षं राहिलेलं पिवळं घर समोरच्या लिन्काय बेटावरच्या यास्ना नावाच्या नर्सबाईंना द्यायचं ठरलं. त्यांच्याकडे आजोबांची जमीन होती, घर नव्हतं. रोसेंदोकडे घर होतं आणि यापुढे जिने चढायची ताकद नव्हती. सगळं कसं रीतसर होतं.

पण घराला असंच जाऊ द्यायचं? रोसेंदोला ते पटेना. या घरात मुलगी जन्मली, याच घरात वडील गेले, आणि बेटावरचा पाऊस वर्षातले दहा महिने याच छपराने झेलला. घराचे रीतसर, तोंडी, घरासमोर उभं राहून आभार मानायचे असं त्याने मनाशी पक्कं केलं. बसून त्याने भाषण लिहिलं. चार पानं. समासासकट.

"कसले आभार?" क्लोरिंदाने बटाटे सोलता सोलता विचारलं.

"घराचे. एक्केचाळीस वर्षं सांभाळलं आपल्याला."

क्लोरिंदाने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "अहो, एक्केचाळीस वर्षं मी तुम्हाला मीठ पुढे करते. तुम्ही म्हणता 'हं'. चांगलं कालवण झालं तरी 'हं', करपलं तरी 'हं'. आणि या फळ्यांना चार पानं?"

"ते वेगळं," रोसेंदो म्हणाला.

"वेगळं तर आहेच," क्लोरिंदा म्हणाली आणि पुढचा बटाटा इतका सोलला की आत काही उरलं नाही. तिला लागलं होतं. रोसेंदोच्या ते लक्षात आलं नाही असं नाही, पण त्यावर काय करायचं असतं हे त्याला कुणी कधी लेखी कळवलं नव्हतं.

आभाराच्या आधी घर ओढायची सोय करायची होती. हे काम मिंगाने होतं. मिंगा म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायचं काम. मजुरी कुणी घेत नाही, जेवण पोटभर द्यायचं असतं. मात्र एक अट असते: ज्याचं काम आहे त्याने दारोदार जाऊन आर्जव करायचं. नुसतं "या" म्हणून चालत नाही. टोपी हातात धरायची, "तुमच्याशिवाय माझं अडलंय, नाही म्हणू नका" म्हणायचं. समोरचा आधी आढेवेढे घेतो, बैल थकलेत म्हणतो, मग हो म्हणतो. हे सगळ्यांना पाठ असतं. रोसेंदोलाही पाठ होतं, पण त्याच्या आयुष्यात आर्जव नेहमी खिडकीच्या पलीकडून यायचं. अलीकडून ते कसं करतात याचा त्याला अनुभव नव्हता.

म्हणून त्याने नोटिसा काढल्या. "सोमवारी सकाळी आठ वाजता बैलांसह हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्यांनी लेखी कारण द्यावे." सोमवारी आठ वाजता घरासमोर रोसेंदो होता, घर होतं आणि पाऊस होता. बैल एकही नव्हता. दहापर्यंत अकरा लेखी कारणं मात्र येऊन पोचली, सगळी नीट चौकटीत लिहिलेली. एक तर एका बैलाच्या वतीने होतं. प्रकृती बरी नसल्याने येऊ शकत नाही, असं म्हणून खाली खुराचा ठसा.

"आता जा बेलार्मिनोकडे," क्लोरिंदा म्हणाली. "टोपी घेऊन जा. डोक्यावर नाही, हातात."

बेलार्मिनो चिगुआयकडे गावातली सगळ्यात तगडी बैलजोडी होती आणि घर ओढताना हुकूम द्यायचा मान त्याचाच होता. तो आला की गाव येतं. दुर्दैवाने हाच तो बेलार्मिनो, ज्याच्या नावातला शेवटचा 'ओ' एकोणीस वर्षांपूर्वी चौकटीबाहेर गेला होता. जमिनीच्या दाखल्यासाठी रोसेंदोने त्याला सात खेपा घालायला लावल्या होत्या, त्यातल्या तीन भर वादळात.

"अरे वा, भाऊसाहेब!" बेलार्मिनोने दारातच स्टूल टाकलं आणि स्वतः त्यावर बसला. "काय काम काढलंत?"

"घर ओढायचंय."

"हं. अर्ज आणलाय?"

रोसेंदोने रिकामे खिसे चाचपले.

"आज नाही जमणार," बेलार्मिनो म्हणाला. "आज वेळ संपली. उद्या या."

रोसेंदो दुसऱ्या दिवशी गेला. बेलार्मिनो म्हणाला, टोपी उजव्या हातात धरलीय, डाव्यात धरतात. तिसऱ्या दिवशी रोसेंदोचा आवाज लहान पडला. चौथ्या दिवशी "अडलंय" हा शब्द नीट ऐकू आला नाही. पाचव्या दिवशी बेलार्मिनो घरी नव्हता, म्हणजे होता, पण खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी होती. शेजारच्या एर्मेलिंदाकाकू कुंपणावर कोपरं टेकवून रोज हा कार्यक्रम बघायच्या आणि जाता-येता सल्ला द्यायच्या. घराचे आभार मोठ्याने मानू नका, घर रुसून बसतं आणि बैलांना हलत नाही. चूल विझवू नका. नाही, विझवाच. तुळईखाली कांदा ठेवा. रोसेंदोने कांद्याची नोंद करून घेतली, कारण तो काही अडवणारा सल्ला नव्हता.

सातव्या दिवशी रोसेंदो टोपी डाव्या हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बेलार्मिनोभाऊ, तुमच्याशिवाय माझं अडलंय. नाही म्हणू नका." त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला 'भाऊ' लावलं होतं. बेलार्मिनोने बोटं मोजली. "सात झाल्या," तो म्हणाला. "फिटलं. शुक्रवारी भरती तीन वाजता आहे. सफरचंदाची दारू, चिचा, किती काढताय?"

उरली बंदर कचेरी. समुद्रातून काहीही जायचं म्हणजे परवाना हवा. तिथला साहेब तरुण, चष्मेवाला आणि नियमाला पक्का होता. त्याला बघून रोसेंदोला आपल्या ऐन उमेदीची आठवण झाली आणि मनात थोडी मायाही दाटली.

"हे ओझं आहे की नौका?" साहेबाने विचारलं.

"घर आहे."

"घर असा रकाना नाही. ओझं असेल तर खोक्यात भरावं लागेल. नौका असेल तर नाव, लांबी, रेडिओ आणि एक जबाबदार इसम लागेल."

घराला खोक्यात भरण्याचा विचार रोसेंदोने प्रामाणिकपणे केला आणि सोडून दिला. "नौका लिहा."

"नाव?"

रोसेंदोला काही सुचेना. गावातल्या सगळ्या होड्यांना बायकांचीच नावं असतात. साहेबाची पेन्सिल टेबलावर टकटक करत होती. "क्लोरिंदा," तो म्हणाला.

"जबाबदार इसम?"

"मीच," रोसेंदो म्हणाला. ही निव्वळ कागदोपत्री बाब आहे असं त्याला वाटलं. अडतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला असं वाटावं, याला काय म्हणावं!

शुक्रवारी गाव लोटलं. सहा बैलजोड्या आल्या, त्यात तो प्रकृती बरी नसलेला बैलही होता आणि तो ठणठणीत दिसत होता. बायकांनी किनाऱ्यावर खड्डा खणून तापल्या दगडांवर कुरांतो रचलं होतं, शिंपले, मांस, बटाटे, वरून मोठाली पानं आणि माती. रोसेंदो सकाळीच कोट घालून, चार पानं खिशात घेऊन स्वयंपाकघरात गेला. पहिलं वाक्य उच्चारणार तोच तिघे जण आत आले आणि चुलीचं धुराडं उपटून घेऊन गेले. काजळी कोटावर पडली. दुसरा प्रयत्न त्याने अंगणात केला. घरासमोर उभं राहून, उजवा हात वर करून तो म्हणाला, "प्रिय घरा..."

बेलार्मिनोने तो हात बघितला आणि त्याला तो इशारा वाटला. "ओढा रे!" बारा बैलांनी एकदम माना खाली घातल्या, घर एकदा दीर्घ कण्हलं आणि प्रिय घर रोसेंदोच्या समोरून निघून गेलं. अंगणात उरला एक चौकोनी चिखल आणि त्यात मधोमध एर्मेलिंदाकाकूंचा कांदा.

रोसेंदो धावत निघाला. घर पुढे, बैल त्याच्याही पुढे, आणि भाऊसाहेब मागे, घराच्या चालीने. रस्त्यात लोक त्याला विचारत होते, "काय भाऊसाहेब, घर चुकलं का?" तो धावत राहिला. मान राखायची तर काही गोष्टी ऐकू येत नाहीत असं दाखवावं लागतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर लोक जेवायला बसले. भरतीला अजून तास होता. आता कुणी नव्हतं, घर एकटं होतं. रोसेंदो हळूच आत शिरला आणि दार लावून घेतलं. पण ओढाओढीत घर एका अंगाला कलंडलं होतं, दाराची चौकट तिरकी झाली होती, आणि लागलेलं दार पुन्हा उघडेना. खिडक्यांना लाटांसाठी बाहेरून फळ्या ठोकलेल्या. रोसेंदोने हाका मारल्या. बाहेर सहा बैलजोड्या, साठ माणसं आणि चिचेची पाच पिंपं होती. त्याच्या हाका कुणाच्या कानी जाणार?

तीन वाजता लाँचेने ओढ घेतली आणि घर समुद्रात उतरलं. खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. ते अपेक्षितच होतं, पण कोट घातलेल्या माणसाला नव्हतं. रोसेंदो जिना चढून माळ्यावर गेला. तिसरी पायरी करकरली, एक्केचाळीस वर्षं करकरत होती तशीच. माळ्यावर खिळ्याला रेडिओ लटकत होता, परवान्यातल्या अटीप्रमाणे. त्याच्यातून लाँचेवरच्या बेलार्मिनोचा आवाज येत होता.

"बंदर कचेरी, क्लोरिंदा पाण्यात उतरली आहे. वजन अंदाजापेक्षा जास्त आहे. मागच्या बाजूने पाणी घेतेय. जुनी आहे, सांभाळून ओढतोय."

गावातल्या प्रत्येक कोळ्याच्या घरी रेडिओ असतो आणि तो सगळ्यात मोठ्याने होड्यांच्या शेडमध्ये लागलेला असतो, जिथे त्या वेळी क्लोरिंदा पंधरा बायकांसोबत भांडी घासत होती. त्या पंधरा बायका थांबल्या. क्लोरिंदाही थांबली. तिने हात पदराला पुसले, म्हणजे ॲप्रनला, आणि रेडिओजवळ जाऊन उभी राहिली.

रोसेंदोने बटण दाबलं. "मी रोसेंदो. मी आत आहे."

रेडिओ खरखरला. मग साहेबाचा आवाज आला. "मान्सियासाहेब, तुम्ही आतच असायला हवं. जबाबदार इसम तुम्हीच आहात. दर पंधरा मिनिटांनी खबर द्यायची, आणि प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला नौकेचं नाव घ्यायचं."

यावर वाद घालता येत नाही हे रोसेंदोइतकं कुणाला कळणार! त्याने पुन्हा बटण दाबलं. "क्लोरिंदा. सर्व ठीक." आणि बोट काढलं. बटण मात्र वर आलं नाही. खाऱ्या हवेने ते आत रुतून बसलं होतं, आणि त्यामुळे आता सगळ्या खाडीत फक्त रोसेंदो ऐकू येत होता आणि बाकी कुणालाही बोलता येत नव्हतं. रोसेंदोला याची कल्पना नव्हती.

माळ्याच्या झरोक्यातून किनारा लांब जाताना दिसत होता. घर हळू डुलत होतं. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळलं. त्याने पहिलं पान काढलं, आणि सवयीने, नियमाप्रमाणे, सुरुवात केली.

"क्लोरिंदा. तू एक्केचाळीस वर्षं आम्हाला ऊब दिलीस. मी कामावरून चिडून आलो तरी तू मला आत घेतलंस. माझे वडील गेले त्या रात्री मी कुणापुढे रडलो नाही, तुझ्यापुढे रडलो, आणि ते तू कुणाला सांगितलं नाहीस. वादळं तू झेललीस आणि मी मात्र त्याची नोंद केली नाही. आता तुझं वरचं अंग थोडं गळतं, मागची बाजू खचली आहे, पण त्यात तुझा दोष नाही. मी वेळेवर लक्ष द्यायला हवं होतं. तुझ्याकडून घेत राहणं मला सोपं वाटलं. कधी थांबून विचारायला हवं होतं, ते राहिलं."

इथे पान संपलं. रोसेंदो दुसरं पान काढायला गेला आणि कोपर लागून रेडिओ भिंतीवर आपटला. टक् असा आवाज झाला आणि बटण वर आलं. खरखर झाली. मग स्वच्छ, जवळून, एक आवाज आला.

"क्लोरिंदा ऐकतेय. पुढचं पान वाचा."

रोसेंदोने रेडिओकडे बघितलं. त्याचे कान तापले. आपण काय बोललो, कोणाला बोललो आणि ते किती जणांनी ऐकलं, हे त्याला एकामागून एक कळत गेलं. त्याने दुसरं पान उघडलं. खिशात तळाला राहिलेलं ते पान खालच्या मजल्यावरच्या पाण्याने भिजलं होतं. शाई पसरली होती. तिसरं तसंच, चौथं तसंच. आता वाचण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"अगं," तो म्हणाला, "पानं भिजली."

"मग न वाचता सांगा."

रोसेंदोने घसा साफ केला. त्याला छप्पर आठवलं, चूल आठवली, आणि मग चुलीपाशी उभी राहून एक्केचाळीस वर्षं मीठ पुढे करणारा हात आठवला.

"आभारी आहे, क्लोरिंदा," तो म्हणाला. "फार उशीर केला मी."

शेडमध्ये एर्मेलिंदाकाकूंनी नाक शिंकरलं, ते रेडिओवरून खाडीभर ऐकू गेलं. तेवढ्यात बंदर कचेरीचा साहेब मध्ये पडला. त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता, पण कर्तव्य ते कर्तव्य. "मान्सियासाहेब, नोंदवहीत लिहायचंय. हा संदेश नौकेला होता की व्यक्तीला?"

रोसेंदोने हाताखालच्या तुळईवरून बोटं फिरवली. "दोघींना."

"दोन लिहिता येत नाहीत. एकच चौकट आहे. एक बाहेर जाईल."

अडतीस वर्षं रोसेंदो याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. तो पटकन म्हणाला, "जाऊ दे बाहेर. लिहा."

लाँचेवरून बेलार्मिनोचा आवाज आला. "भाऊसाहेब, मग माझा 'ओ' पण चालला असता?"

"चालला असता, बेलार्मिनोभाऊ," रोसेंदो म्हणाला. "माझं चुकलं."

लिन्काय बेटावर बैल तयारच होते. घर वर ओढलं, यास्नाबाईंच्या आजोबांच्या जमिनीवर टेकवलं, आणि मग भाऊसाहेबांना बाहेर काढायला बेलार्मिनोने दाराची चौकट करवतीने कापली. रोसेंदो बाहेर आला, मागे वळला आणि कापलेल्या चौकटीवर क्षणभर तळहात ठेवला. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. यास्नाबाई घर बघायला आत गेल्यावर त्याने दार ठोठावलं आणि त्यांना विचारलं, "आत येऊ का?" बाई लाजून म्हणाल्या, "अहो काका, या ना." त्यांचा आवाज आतून आला तेव्हा हे घर आता त्यांचं झालं, हे रोसेंदोला पटलं, आणि फार वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या लाँचेने एर्मेलिंदाकाकू आणि बंदर कचेरीचा साहेब यांच्यासोबत क्लोरिंदा आली, उरलेल्या कुरांतोचं पातेलं मांडीवर घेऊन. सगळे अंगणात बसले. रोसेंदोने एक बटाटा फोडला, चाखला आणि हात पुढे केला. क्लोरिंदाने मीठ दिलं. बेलार्मिनो, साहेब, एर्मेलिंदाकाकू, बैल, सगळे थांबून बघू लागले.

रोसेंदोने मीठ घेतलं. तोंड उघडलं. मिटलं.

"हं," तो म्हणाला.

क्लोरिंदा इतकी हसली की पातेलं सांभाळावं लागलं. "चालेल," ती म्हणाली. "अजून तीन पानं राहिलीत. कास्त्रोला गेल्यावर रोज थोडं थोडं सांगा."